पहिली ओंजळ राखणदाराची

खाडीत गळ्यापर्यंत उतरलं की माणसाचं नुसतं डोकं पाण्यावर राहतं. साडी कुठली, शाळा किती, घर कौलाचं की पत्र्याचं, कुणाला काही दिसत नाही. म्हणून मला तिथे बरं वाटतं. बाजारात चार अनोळखी माणसं बघितली की माझा घसा बंद होतो. लग्नकार्यात मी आपली भांडी घासायच्या जागी जाऊन बसते. चौथीत असताना गुरुजींनी एकदा कविता म्हणायला उभं केलं होतं, तर पहिल्या ओळीलाच रडू आलं. पुढे लवकरच शाळा सुटली आणि मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. पाण्यात मात्र मी कधी कुणाला घाबरले नाही.

आमच्याकडच्या बायका ओहोटीला, म्हणजे आम्ही सुकती म्हणतो तेव्हा, खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला जातात. कमरेला दोरी बांधायची, दोरीला प्लास्टिकचा टब. तो आपल्या मागून कुत्र्यासारखा तरंगत येतो. चिखलात पायाच्या बोटांनी चाचपायचं. शिंपला पायाला बरोबर कळतो. दगड तसाच राहतो, शिंपला जरा सरकतो. कळला की दम धरून खाली जायचं आणि दोन्ही हातांनी उपसून वर यायचं. एका बुडीत जिच्या हाताला जास्त लागतं, तिला बाकीच्या मानतात.

माझं माहेर वालावलच्या बाजूचं, तेही खाडीकाठचं. दम धरायला मला आईने शिकवलं. ती म्हणायची, "नाक धरू नको, पोट धर." मी पोट धरायला शिकले आणि मग माझ्याइतकं खाली राहणारी बाई सासरी कुणी निघाली नाही. माझी थोरली जाऊ, जिला मी वैनी म्हणते, ती बायकांना सांगायची, "ही खाली गेली काय मी विडो लावन खातंय. चघळून होता, तरी ही वर येणा नाय."

तर दम हा माझा एकच गुण होता. तोच आजाराने नेला. तो परत येतो की नाही, आणि नाही आला तर वैनीने माझ्या नावाने जे बोलून ठेवलं होतं ते फेडायचं कसं, या काळजीत माझं अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षाचं मी लिहिते आहे.

लिहायची सवयही त्या आजारातच लागली. दोन शब्द बोलले तरी धाप लागायची, म्हणून हवं-नको ते कागदावर लिहून द्यायचे. बोलणं परत आलं, पण लिहिणं गेलं नाही. मुळात मला ते बोलण्यापेक्षा सोयीचं पडतं. हे कुणाला दाखवायचं नाही. वैनीला वाचता येत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

आजाराची दुसरी लाट आली तो उन्हाळा. माझे यजमान रापणीला जातात, म्हणजे गावकीचं मोठं जाळं असतं ते किनाऱ्यावरून ओढायला. ताप आधी त्यांना आला आणि चार दिवसांत गेला. मग मला आला तो जाईना. तरी मी कामं करत होते. एका सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवायला बसले, फुंकणी तोंडाला लावली, एक फुंकर मारली आणि दुसरीला छातीत काही उरलंच नाही. फुंकणी हातातून पडली. मला वाटलं छातीत धूर गेला असेल. पण धूर जायला चूल तरी पेटायला हवी होती.

रुग्णवाहिका आली तेव्हा वैनीला आमच्या अंगणात यायला मनाई होती. दीर वारल्यापासून ती एकटी राहते, मधे फक्त एक दगडी गडगा आहे. ती त्या दगडांच्या पलीकडे मीठ-मोहरी मुठीत घेऊन उभी होती. लांबूनच तिने माझी दृष्ट काढली. मग गाडी सुरू झाली तशी गाडीचीही काढली.

दवाखान्यात पहिल्यांदा साधा प्राणवायू दिला. तो पुरेना. मग डॉक्टरांनी तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणला. त्याला जाड नळी, नळीला मशीन. डॉक्टर म्हणाले, "मावशी, मशीन हवा ढकलेल, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि सोडायचा. भांडायचं नाही त्याच्याशी." एवढं सोपं काम. मी मान हलवली.

मास्क बसला आणि हवा जोरात तोंडावर आली. खाडीत वाहत्या पाण्यात खाली गेलं की तोंडावर असाच दाब येतो. माझ्या पोटाने आपोआप दम धरला. मला कळत होतं की मी दवाखान्यात आहे, खाटेवर आहे, वर पंखा आहे. पण अंगाला ते कळेना. मशीन ओरडायला लागलं.

सिस्टर धावत आल्या. त्या घाटावरच्या होत्या, बोलायला फटकळ पण हाताने मऊ. "मावशी, सोडा. श्वास सोडा. का अडवून ठेवताय?"

मी मुद्दाम अडवत नव्हते. मास्क काढला, परत लावला, परत तेच. हवा आली की माझं पोट घट्ट. आयुष्यभर जी गोष्ट मला सगळ्यांपेक्षा चांगली जमली तीच आता मला मारायला निघाली होती. डॉक्टर सिस्टरांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की असंच राहिलं तर घशात नळी घालावी लागेल. लाजऱ्या माणसांना हळू बोललेलं जास्त ऐकू येतं. नळी घातलेली माणसं मी समोरच्या रांगेत बघितली होती.

मी खुणेने कागद मागितला आणि लिहिलं, "वैनीला फोन लावा." का लिहिलं ते मला अजून सांगता येणार नाही. यजमानांना लावा असं लिहायला हवं होतं. पण पाण्यात माझ्यासोबत नेहमी वैनीच असायची.

सिस्टरांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन माझ्यासमोर धरला. वैनीचं अर्धं कपाळ आणि मागचा माड दिसला. सिस्टर तिला म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई मास्क लावला की श्वास धरून बसतात. सोडतच नाहीत. तुम्ही समजवा जरा."

वैनी हसलीच. "गो बाय माझे, तुका वाटता तू पाण्यात आसंस? तू खाली नाय आसंस गो. तू वर इलंस. वर इल्यार दम कसो सोडतंस? तोंडान, फू करून. तसो सोड. मी हंय टब धरून उभी आसंय."

तिचा आवाज फोन नसता तरी पोचला असता, एवढा मोठा. सगळा वॉर्ड ऐकत होता आणि मला लाज वाटायलाही दम नव्हता. सिस्टरांनी मास्क परत लावला. हवा आली, पोट आवळलं. वैनी ओरडली, "वर इलंस, सोड." मी सोडला. परत हवा. "वर इलंस, सोड." असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. मधेच ती मला शिव्याही देत होती आणि रोगालाही. "शिरा पडांदे त्या रोगार," म्हणायची आणि पुन्हा, "सोड गो." शेवटी फोनची बॅटरी गेली. पण तोवर पोटाला कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरच म्हणू लागल्या, "वर आलात मावशी, सोडा." त्यांना त्याचा पूर्ण अर्थ माहीत नव्हता. चालत होतं ना, म्हणून म्हणायच्या. पलीकडच्या खाटेवर देवगडकडचे एक आंबा बागायतदार होते, त्यांनाही त्या तसंच सांगू लागल्या. ते बिचारे झाडावर चढणारे, पाण्यात कधी न गेलेले. तरी तेही वर आले.

घरचा फोन रोज यायचा. मला बोलता येत नसे, मी ऐकायची. बरं वाटू लागलं तसं एक दिवस हळूच विचारलं, "घर कसा आसा?" यजमान म्हणाले, "बरा आसा. वारो बरो येता." मला समाधान वाटलं. घरी परत आले तेव्हा कळलं की मधल्या दिवसांत वादळ होऊन गेलं होतं. पडवीवरची कौलं उडाली होती आणि तिथे निळं प्लास्टिक बांधलं होतं. वारा खरंच बरा येत होता.

निघताना डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. पांढरे डाग होते. म्हणाले, "फुफ्फुसं हळूहळू भरून येतील, वेळ लागेल. चूल नको, ओझं नको, पाण्यात जाणं नको." मी कधी डॉक्टरांना काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, "कधीपर्यंत?" ते म्हणाले, "बघू. पण बुडी मारणं विसरा आता." त्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं. मी मान हलवली आणि गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले.

त्यांनी घरी करायला एक खेळण्यासारखं यंत्र दिलं होतं. तीन नळकांड्यांत तीन रंगीत गोळे आणि एक नळी. नळी तोंडात धरून गोळे वर न्यायचे. मी फुंकणीसारखी नळी धरली आणि फुंकले. गोळे हलेनात. रोज फुंकायची, रोज गोळे तळाला. मला वाटलं, संपलं, एवढीही ताकद उरली नाही. यजमानांना सांगितलं नाही. एक दिवस वैनीने ते उचलून बघितलं. "ह्या काय गो?" म्हणत तिने विडी ओढतात तशी नळी ओढली आणि तिन्ही गोळे खटकन वर जाऊन चिकटले.

"ओढूचा आसा ता," ती म्हणाली. "तू काय चूल पेटवतंस?"

मी ओढून बघितलं. एक गोळा जागेवर थरथरला आणि पडला. पण थरथरला.

त्याच दिवशी, मला थोडं हसू आलेलं बघून, वैनीने बाकीचं सांगितलं. आमच्या खाडीच्या पायऱ्यांजवळ एक जुनं उंडीचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी एक दगड आहे, तो आमचा राखणदार, त्या पाण्याचा मालक. पाऊस संपून खाडीचं पाणी परत खारं झालं की प्रत्येक घरातली बाई पहिली ओंजळ तिसऱ्यांची त्याच्यापुढे ठेवते आणि गाऱ्हाणं घालते, म्हणजे त्याच्याशी मोठ्याने बोलून मागणं मागते. बाकीच्या बायका प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ती ओंजळ काढण्यापुरतं सोडलं, तर ते झाल्याशिवाय त्या घरातलं कुणी पाण्यात उतरत नाही. आमच्या घराचं गाऱ्हाणं मी लग्न होऊन आल्यापासून वैनीच घालत आली होती. मी मागे उभी राहून ओठांतल्या ओठांत 'व्हय म्हाराजा' म्हणायची.

"तू मशीनवर होतंस तेवा मी राखणदाराक बोललंय," वैनी म्हणाली. "तू घराक इलंस तर औंदाची पयली ओंजळ तुझ्या हातची."

मी मान हलवली.

"आणि गाऱ्हाणा तू घालतलंस. तुझ्या तोंडान. समद्यांसमोर."

मला धापच लागली. "कित्या?" एवढंच म्हणता आलं.

"सोप्पा सांगलंय असता तर तो कित्या आयकतलो? नारळ समदीच देतत. तुका जां जमणा नाय, तांच सांगलंय."

"मगे तुझा काय तरी सांगूचा होता."

"माझा काय सांगतलंय? माका समदाच जमता."

माझी लाज तिने मला न विचारता नवसाला लावली होती. मला राग आला, पण त्या दिवसांत राग धरायलाही श्वास लागायचा, म्हणून तो फार टिकला नाही.

पावसाळा घरात गेला. पहिल्यांदा मी खाटेपासून माजघरापर्यंत, मग पडवीपर्यंत, मग गडग्यापर्यंत जाऊ लागले. गडग्यावर हात टेकून उभी राहिले की पलीकडून वैनी पेज आणायची आणि मी कशी चालले त्याला नावं ठेवायची. "बदक बरा चालता," म्हणायची. यंत्रातला एक गोळा वर राहू लागला. दुसराही कधीकधी जायचा. जेवणाला चव आली. सुक्या बांगड्याचा वास आला त्या दिवशी मी उगाच दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले.

पाऊस गेला. पाणी खारं झालं. एकेका घराची ओंजळ पडली आणि बायका खाडीत उतरल्या. सुकतीच्या वेळेला त्यांची हसणी-बोलणी आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायची. वैनी मात्र गेली नाही. बोललेलं फिटल्याशिवाय तिला जाता येत नव्हतं. ती शेजारच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला जाऊ लागली. जन्मभर पाण्यात उभी राहिलेली बाई, सावलीत बसून सुपारी सोलायची. तिने एका शब्दाने मला बोलून दाखवलं नाही. वैनी गप्प राहते म्हणजे तिला फार लागलेलं असतं, हे मला तिच्यासोबतच्या इतक्या वर्षांत कळलेलं आहे. कुणीतरी तिला म्हणालं म्हणे, की राखणदाराला नारळ देऊन माफी माग, तो समजून घेईल. तिने त्या बाईला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी गाऱ्हाण्याची तयारी सुरू केली. घरात कुणी नसताना परसात कोंबड्यांना दाणे टाकायची आणि त्यांच्यासमोर म्हणायची, "बा राखणदारा म्हाराजा..." एवढ्यावरच दम संपायचा. थांबायची, परत म्हणायची. कोंबड्या मान वाकडी करून बघायच्या. त्यांच्यासमोरही मला पहिल्यांदा लाज वाटली. पण त्या काही हसत नाहीत. हळूहळू दोन वाक्यं एका दमात जाऊ लागली. एक दिवस मी जरा मोठ्याने म्हणाले, "आज ह्या घराची पयली ओंजळ तुका ठेवतंय..." तर मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

यजमान रापणीवरून लवकर आले होते. दारात, अंगाला वाळू लागलेली, तसेच उभे. हसत नव्हते. मी घरात पळाले. एवढं पळायला आलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नवा फोटो बघितला. "छान भरून आलंय," म्हणाले, "थोडे डाग राहतील." मी खाडीत उतरायची गोष्ट काढली. नवसाचं नाही सांगितलं, फक्त विचारलं, "कमरेइतक्या पाण्यात उतरले तर?"

"डोकं वर राहणार असेल तर जा. आणि एकटीने नाही," ते म्हणाले.

वैनीला सांगितलं तर ती म्हणाली, "कमरेइतक्या पाण्यात काय गावतला? थंयल्यो समद्यो काढून झाल्यो." ते खरंच होतं. काठाजवळचं आधी संपतं. भरपूर तिसऱ्या असतात खोल पाण्यात, जिथे बुडी मारावी लागते. पण म्हाताऱ्या बायकांची एक रीत आहे. बुडी झेपत नाही तेव्हा त्या पायाच्या बोटांतच शिंपला पकडतात, गुडघा वर उचलतात आणि हाताने काढून घेतात. एकेक, एकेक. आम्ही पूर्वी त्याला 'म्हातारीची सुकती' म्हणून हसायचो. मी म्हणाले, पायाने काढते. वैनीने माझ्याकडे बघितलं. मग उठून दोरी शोधायला गेली.

ओंजळ ठेवायची ती सकाळ स्वच्छ होती. सुकती चांगली लागली होती. बायका पायऱ्यांवर आधीच येऊन बसल्या होत्या, कारण मी गाऱ्हाणं घालणार ही बातमी वैनीने कुणाला सांगायची ठेवली नव्हती. वैनीने माझ्या कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक टबाला न बांधता स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि ती पाण्यालगतच्या पायरीवर उभी राहिली. "टब तरंगता," ती म्हणाली, "तू तरंगणा नाय."

पाणी थंड लागलं. पोटऱ्या, गुडघे, कंबर. चिखल बोटांच्या मधून वर आला आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. पण पायाला काही कळेना. इतके महिने खाटेवर आणि सारवलेल्या जमिनीवर राहून पाय मऊ पडले होते. दगडही शिंपला वाटायचा. मी चाचपत राहिले. काठावरून एक बाई म्हणाली, "गो, जेवणापर्यंत होयत मां?"

वैनी तिकडे न बघता म्हणाली, "तुका घाई आसा तर तू जा. तुझो घोव उपाशी ऱ्हवाचो नाय, तो जेवता आमच्या हंयच."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात माझ्या अंगठ्याखाली काहीतरी सरकलं. मी बोटं मिटली, गुडघा वर घेतला, हात खाली घातला. तिसरी. काळसर, अंगावर रेघा असलेली, घट्ट मिटलेली. मी ती पदरात टाकली.

मग एकेक येत गेल्या. पायांना आठवलं. मी थोडं पुढे सरकले, पाणी कमरेच्या वर आलं. पलीकडे तो खड्डा होता जिथे मी नेहमी बुडी मारायची. तिथे हात घातला की ओंजळच भरते. मला ते दिसत होतं, पाण्यावरून जागा कळते. माझं पोट आवळलं. डोकं वर असताना, कुणी न सांगता, मी दम धरून उभी होते.

कमरेची दोरी हलली. "सोड गो," वैनी हळू म्हणाली. इतकी हळू ती कधी बोलत नाही.

मी तोंडाने फू करून सोडला आणि मागे फिरले.

ओंजळ पूर्ण भरली नाही. जेवढ्या मिळाल्या तेवढ्या दोन्ही हातांत घेऊन मी पायऱ्या चढले, मधे दोनदा थांबले. उंडीखाली त्या दगडापुढे ठेवल्या. बायका मागे उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून मी दगडाकडेच बघितलं. दगड कोंबड्यांसारखाच, हसत नाही.

"बा राखणदारा म्हाराजा," मी म्हणाले. आवाज आला. फाटका आला, पण आला.

"व्हय म्हाराजा."

"माझो दम गेलो होतो. तू अर्धो परत दिलंस."

"व्हय म्हाराजा."

थांबले. श्वास घेतला. कुणी घाई केली नाही. "तेवढ्यात मी भागवतलंय. ओंजळ उणी आसा, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

इथे मी पाठ केलेलं संपत होतं. पण श्वास थोडा उरला होता. तो असा उरलेला मला कितीतरी महिन्यांनी जाणवला आणि वाटलं, वाया का घालवायचा. "आणि माझ्या वैनीन माका इचारल्याशिवाय माझ्या तोंडाचो नवस बोलल्यान. पुढच्या खेपेक तिका तिच्याच तोंडाचो काय तरी बोलूची बुद्धी दी. एक दिस गप ऱ्हवाचो."

मागे हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच सगळ्यांनी लांब ओढून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. यजमान लांब होडीपाशी उभे होते, त्यांचाही आवाज त्यात होता.

"ह्यां कोणी शिकवल्यान हिका?" वैनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ते खाऱ्या पाण्याचं असेल. तिने पदर खोचला, टबाची दोरी कमरेला बांधली आणि पुढचं काही न बोलता पायऱ्या उतरून पाण्यात गेली. सुपारी सोलून काळी पडलेली तिची बोटं पाण्यात एकदा चोळली.

त्यानंतर मी दर सुकतीला जाते. कमरेपर्यंतच. डाग आहेत, चढाला दम लागतो, थंडीत छाती वाजते. बुडी मारत नाही. पायाने काढते, माझा ढीग सगळ्यात लहान होतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. राखणदाराच्या पहिल्या ओंजळीचं गाऱ्हाणं आता दरवर्षी मीच घालते. वैनी म्हणते, एकदा घातलं ते घातलं, आता सुटका नाही.

त्या पहिल्या ओंजळीच्या सकाळी वैनी आधी गुडघ्यापर्यंत गेली, मग छातीपर्यंत, आणि त्या माझ्या खड्ड्यापाशी थांबून तिने मागे बघितलं. मी तिच्यामागून कमरेइतक्या पाण्यात आले होते. तिने दोरी सोडून टब माझ्याकडे ढकलला. मी तो दोन्ही हातांनी धरला. तिने दम घेतला आणि ती खाली गेली. मी ती वर येईपर्यंत टब धरून तिथेच उभी राहिले.